गाणारा कुठं गेला

“वैजू, हा माणूस बोलता बोलता मधीच कुठं जातो गं?”

आबांनी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी नुकतीच कामावरून आले होते. घरापुढच्या फरशीवर आमची जुनी गाडी उभी होती आणि तिच्यात, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, आबा शाल पांघरून बसले होते. गाडी बंद, किल्ली अर्धी फिरवलेली, रेडिओ चालू.

ही गोष्ट २००६ सालची. आम्ही तेव्हा अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स गावात राहत होतो. मी धान्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होते आणि उद्धव, माझा नवरा, सोमवार ते शुक्रवार शिकागोला असायचा. आई गेल्यावर विट्याच्या घरात आबा एकटे पडले, म्हणून सहा महिन्यांसाठी त्यांना मी आणलं होतं. आबा म्हणजे मारुती केरबा लोहार, विटा आगारातले हेड मेकॅनिक. चौतीस वर्षं एसटीच्या गाड्यांखाली झोपून काढलेली. घरात त्यांना करमायचं नाही. सोफ्यावर बसले की पाहुण्यासारखे दिसायचे. गाडीत बसले की घरच्यासारखे.

त्या गाडीत उद्धवनं सॅटेलाइट रेडिओ बसवला होता. पाकिटाएवढा एक डबा डॅशबोर्डला चिकटवलेला, त्याचा अँटेना छपरावर, आणि डब्यातला आवाज गाडीच्या स्पीकरपर्यंत नेणारी एक काळी वायर. शंभरावर स्टेशनं लागायची. आबांनी त्यातून आपलं एक शोधून काढलं होतं, ट्रकवाल्यांचं. देशभरचे ट्रक ड्रायव्हर त्यावर फोन करून बोलायचे, मधूनमधून गिटारवरची गाणी लागायची. आबांचं इंग्रजी जेमतेम, पण डिझेल, गिअर, ब्रेक, टायर हे शब्द कळायचे आणि तेवढ्यावर ते अख्खी गोष्ट जुळवायचे. “कुणाचातरी घाटात क्लच जळलाय,” असं मला सांगायचे. बॅटरी उतरू नये म्हणून तासाच्या वर कधी रेडिओ लावत नसत.

तर त्या दिवशी मी दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. आबा अंग चोरून दाराकडे सरकले. रेडिओवरचा निवेदक खणखणीत बोलत होता.

“बोलतोय की आबा.”

“आत्ता बोलतोय. मगाशी गेलता.” ते डब्याकडे बघत राहिले. “गाणं लागलं ना, तर नुसती गिटार आणि ढोल. गाणारा न्हाई.”

मी हसले, म्हटलं असेल काहीतरी, चला चहा करते. तेवढ्यावर ते संपलं असं मला वाटलं.

शनिवारी परत तेच झालं. आबांनी काचेतून हाक मारली, मी कणकेच्या हातांनी धावत गेले, आत बसले आणि गाणारा व्यवस्थित गात होता. रविवारी उद्धव गाडीत जाऊन बसला, तरी तसंच. उद्धवनं त्यांना नीट समजावून सांगितलं की हा रेडिओ थेट आकाशातून येतो, वर झाडाची फांदी आली की आवाज तुटतो.

आबा म्हणाले, “झाड आडवं आलं असतं तर गिटारपण गेली असती.”

उद्धवनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली आणि आबांना म्हटलं, “हो आबा, बघू हं आपण.” लहान मुलाला म्हणतात तशा आवाजात. तो आवाज मला आजही ऐकू येतो.

भीती कशाची होती ते आमच्या घरात बोललं जात नव्हतं, पण दोघांनाही ठाऊक होतं. तात्या, म्हणजे आबांचे थोरले भाऊ, साठी ओलांडल्यावर विसरायला लागले होते. सुरुवात कानांपासून झाली. भरल्या घरात ते विचारायचे, सगळे गप्प का बसलाय? मग नावं गेली, मग वाटा गेल्या, शेवटी स्वतःच्या बायकोला ते “बाई, तुम्ही कोण?” असं विचारायचे. आठ वर्षं आबांनी त्यांना अंघोळ घातली, भरवलं, रस्त्यावरून शोधून आणलं. मी तेव्हा कॉलेजात होते. आबांना कधी चिडलेलं पाहिलं नाही, पण तात्या गेले त्या दिवशी ते गोठ्यात जाऊन बराच वेळ एकटे बसले होते ते आठवतं.

पुढच्या आठवड्यात चौथ्यांदा तसंच झालं आणि त्यानंतर आबांनी तक्रार करणं सोडलं. मला आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं की ते गाडीत बसतात पण रेडिओ लावत नाहीत. एका संध्याकाळी मी मागून गेले तर ते हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होते. कान देऊन ऐकलं. विटा, कडेगाव, कराड, उंब्रज, सातारा, वाई फाटा, खंडाळा, शिरवळ… बोरिवलीपर्यंत गेले आणि तिथून उलटे परत निघाले. एकदा अडखळले, थांबले, तळहातानं गुडघा चोळला आणि पुन्हा विट्यापासून सुरुवात केली.

मी तशीच मागे फिरले. रात्री उद्धवला फोन केला. तो म्हणाला, दाखवून घेऊ, उशीर नको. आणि मग म्हणाला, “तुला सांगू नको म्हणाले होते, पण आबांनी मला तिकीट अलीकडचं करायला सांगितलंय. दिवाळीच्या आधी जायचं म्हणतात.”

हे मला लागलं. इतकी धडपड करून आणलं, आणि मला न सांगता परत निघाले. मी रागावले, आणि राग आला हे बरंच झालं, कारण त्याच्याखाली जे होतं त्याच्याकडे बघावं लागलं नाही.

आयोवा सिटीच्या मोठ्या इस्पितळात स्मरणशक्ती तपासणाऱ्या डॉक्टरांची वेळ मिळाली, बुधवारी सकाळी दहाची. आबांना सांगितलं की ब्लडप्रेशर दाखवायचंय. त्यांनी काही विचारलं नाही. बुधवारी सकाळी बघते तर पांढरा सदरा, वर कोट, केस तेल लावून चापून बसवलेले, हातात कागदांची पिशवी. असं त्यांना मी आधी एकदाच पाहिलं होतं, माझ्या लग्नाची बोलणी करायला निघाले तेव्हा.

निघालो. रस्ता अर्ध्या-पाऊण तासाचा. दोन्ही बाजूंना मक्याची कापून टाकलेली रानं, मधेच एखादं लाल कोठार. आबा पिशवी मांडीवर धरून, पाय समोर ताणून बसले होते. त्यांची उंची सहा फूट, त्या गाडीत पाय कधी धड मावायचे नाहीत.  मी रेडिओ लावला. ट्रकवाल्यांचं स्टेशन तसंच लावलेलं होतं. निवेदक कुणा ड्रायव्हरशी बर्फाबद्दल बोलत होता.

दहाएक मैल गेल्यावर आबांनी पिशवी सारखी केली, गुडघा जरा पुढे घेतला, आणि निवेदकाचा आवाज एका शब्दाच्या मधोमध नाहीसा झाला.

मला वाटलं, थांबला असेल. पण शांतता लांबत गेली. मग त्या शांततेतून गिटार वाजायला लागली. मागे ढोल, कुठंतरी व्हायोलिन. गाणं सुरू झालेलं कळत होतं. मी कडव्याची वाट बघत राहिले. वाद्यं चढली, उतरली, कडवं यायच्या जागी आलं आणि गेलं, पण गाणारं कुणी नव्हतं. खूप दुरून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाजाचा एक धूर तेवढा जाणवत होता.

मी आबांकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. ताठ, जबडा आवळून. त्यांनाही ऐकू येत नव्हतं आणि ते सांगत नव्हते.

“आबा,” मी म्हटलं, “गाणारा गेला.”

त्यांनी मान वळवली नाही. वाटलं ऐकलंच नाही.

“आबा, नुसती गिटार वाजतीय. गाणारा कुठं गेला?”

आता ते वळले. माझ्या तोंडाकडे असं बघितलं, जसं मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलतेय का ते त्यांना तपासायचं होतं.

“तुलापण?” ते म्हणाले.

“मलापण.”

“खरं सांग, वैजू.”

“तुमची शपथ.”

त्यांनी डोळे मिटले.  मी घाईनं गाडी बाजूला घ्यायला लागले, तसा त्यांचा हात वर आला. आणि त्या हाताबरोबर आवाजसुद्धा बदलला. विट्याच्या वर्कशॉपात चार माणसं हाताखाली राबवणारा आवाज.

“सावकाश घे. हिसका देऊ नको. आणि कशालाच हात लावायचा न्हाई. दोष सापडलाय तो घालवू नको.”

पुढच्या वळणावर पेट्रोलपंप होता. मी त्याच्या कडेला, मोकळ्या जागी गाडी उभी केली. आबा पुतळ्यासारखे बसून होते. गुडघा जिथं होता तिथंच. मला म्हणाले, तू उतर, माझ्या बाजूनं ये, दार हळू उघड, आणि माझा पाय कशाला टेकलाय ते बघून सांग. मी जमिनीवर बसून आत वाकले. डब्यापासून आलेली काळी वायर डॅशबोर्डखालून दोन्ही सीटांच्या मधल्या खणापर्यंत जात होती आणि खणाच्या आबांकडच्या बाजूला, एका छोट्या भोकात, तिची पिन खोचलेली होती. वायर आखूड होती. आबांचा गुडघा तिच्यावर दाबून बसला होता आणि ओढानं पिन बाहेर आली होती. सगळी नाही. पाव इंच.

“दाब ती,” आबा म्हणाले.

दाबली. गाडीभर एक जाडाभरडा पुरुषी आवाज घुमला, बायको सोडून गेल्याचं काहीतरी गात होता.

“आता ओढ. जराशीच.”

ओढली. गाणारा गेला, गिटार राहिली.

“परत दाब.”

असं आम्ही सात-आठ वेळा तरी केलं असेल. दर वेळी तो माणूस यायचा आणि जायचा. पेट्रोल भरायला आलेली एक म्हातारी बाई आमच्याकडे बघत उभी राहिली होती. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. “दाब. ओढ. दाब.”

मग ते उतरले. कोट काढून सीटवर ठेवला, बाह्या वर केल्या आणि त्या थंडीत गुडघ्यांवर बसून त्यांनी पिन हातात घेतली. मला दाखवलं, की तिच्यावर तीन पट्टे असतात. टोकाच्या दोन पट्ट्यांतून डावा-उजवा आवाज जातो आणि बुडाशी असतो तो अर्थिंगचा, दोघांचा मिळून एक. पिन जरा बाहेर आली की आधी अर्थिंग सुटतं. “अर्थ सुटला की डावा आणि उजवा एकमेकांवर उलटतात. दोन्हीकडं जे सारखं असतं ते कटून जातं. बोलणारा, गाणारा मधोमध असतो, दोन्हीकडं सारखा. म्हणून तो जातो. गिटार एका अंगाला, व्हायोलिन दुसऱ्या अंगाला, ती उरतात.”

“हे तुम्हाला माहीत होतं?”

“डेपोतल्या लाउडस्पीकरला असंच झालंतं एकदा.”

“मग एवढे दिवस तुम्ही वायर का नाही तपासली?”

ते पिन पुसत राहिले. मग म्हणाले, “चौतीस वर्षं गाडीतला दोष हुडकला. ह्या खेपेला दोष गाडीत आसंल असं वाटलंच न्हाई.”

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. बोलायला त्यांनीच सुरुवात केली, वायरकडे बघत. तात्यांचंही असंच सुरू झालं होतं हे त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं, असं म्हणाले. मी येऊन बसले की आवाज नीट यायचा, म्हणजे खोट आपल्याच डोक्यात, हा हिशेब त्यांनी मांडला. म्हणून रोज संध्याकाळी गाड्यांचे थांबे म्हणून बघायचे, अजून किती शिल्लक आहे ते. एका दिवशी खंडाळ्यानंतर शिरवळ आठवलं नाही तेव्हा उद्धवला तिकिटाचं सांगितलं.

“आजचा डॉक्टर बीपीचा न्हाई, तेबी ठाऊक हाय मला,” ते म्हणाले.

“मग मला विचारायचं तरी.”

“काय विचारू? खरं निघालं असतं तर तू मला जाऊ दिलं असतंस का? हितंच ठेवून घेतलं असतंस. मी तात्याचं केलं ते माझा भाऊ म्हणून केलं. पर ते तुझ्या वाट्याला नको.” आणि वायर सरळ करत, “विट्यात निदान रस्ता चुकलो तर कुणीतरी घरी आणून सोडंल.”

मी त्यांचा हात धरला. वंगणाचे डाग त्या हातांवरून निवृत्तीनंतरही कधी पूर्ण गेले नाहीत. मी म्हटलं, आबा, माझं चुकलं. तुम्ही चार वेळा सांगितलं आणि मी एकदाही खरं मानलं नाही.

“तू आलीस की मी पाय वढून घ्यायचो,” ते म्हणाले. “तुला बसायला जागा व्हावी म्हणून. वढ सुटली की पिन आपसूक आत जायची. तू तरी काय करणार?”

पंपावरच्या दुकानातून मी चिकटपट्टी आणली. आबांनी ती वायर डॅशबोर्डखालून माझ्या बाजूनं फिरवून आणली, म्हणजे वळसा कमी पडला आणि ढील उरली. तीन ठिकाणी पट्टी मारली. पिन खोचून वर आडवी एक पट्टी लावली. मग गुडघा मुद्दाम हवा तसा आपटून बघितला. आवाज हलला नाही. त्यांनी हात झटकले, कोट चढवला आणि घड्याळात बघून म्हणाले, “चल, दहाची वेळ हाय ना?”

मी म्हटलं, आता कशाला जायचं? पण आबा ऐकेनात. नाव नोंदवलंय, माणूस वाट बघत असेल. आणि पुढे, हळूच, “एकदा तपासून घेऊ. गाडी नीट झाली म्हणून ड्रायव्हरबी नीटच हाय, असं धरू नये.”

इस्पितळात दीड तास गेला. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्या विचारायच्या, मी मराठीत सांगायचे, आबा उत्तर द्यायचे, मी इंग्रजीत सांगायचे.  तारीख, वार, उलटे आकडे, घड्याळाचं चित्र. पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी परत विचारले, आबांनी पाचही सांगितले, वर क्रमानं. एका मिनिटात जितकी आठवतील तितक्या प्राण्यांची नावं घ्या म्हटल्यावर ते खरसुंडीच्या जत्रेत शिरले. खिलार बैल, माडग्याळी मेंढा, म्हैस, रेडा, शेळी, बोकड, करडू, कोकरू… मी भाषांतर करता करता मागे पडले. डॉक्टर बाईंनी शेवटी हात वर करून थांबायला सांगितलं. उजव्या कानानं वरच्या पट्टीचं जरा कमी ऐकू येतं, म्हणाल्या, इतकी वर्षं इंजिनांजवळ काढल्यामुळे. बाकी काही नाही. वय बहात्तर, त्या मानानं फार उत्तम.

“काय म्हणाल्या?” आबांनी विचारलं.

सांगायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. आबा घाबरले, खुर्चीतून अर्धे उठले. मग डॉक्टर बाईंनीच त्यांच्याकडे बघून अंगठा वर केला.

परतताना आम्ही एका ठिकाणी थांबून गरम सूप प्यायलो. आबांनी दोन वाट्या घेतल्या, पाव मागवून घेतला. उद्धवला फोन लावला आणि तिकीट होतं तसं राहू दे म्हणाले. आवाज चढा होता, शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघत होती आणि मी आबांना हळू बोला म्हटलं नाही.

आबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. जायच्या आदल्या दिवशी फोनवर त्यांनी माझ्याशी शेजारच्यांच्या ट्रॅक्टरबद्दल अर्धा तास वाद घातला आणि जिंकला. ती अकरा वर्षं मी धरून चालले होते असं कुणाला वाटेल. नाही. त्या बुधवारी सकाळी मी ती मनातल्या मनात सोडून दिली होती.

गाडीत बसल्यावर पाचच मिनिटांत त्यांना झोप लागली. किती रात्री ते झोपले नव्हते ते मी नंतरही कधी विचारलं नाही. मान मागे टाकलेली, तोंड किंचित उघडं, पाय ऐसपैस पसरलेले. रेडिओवर कुणीतरी हळू आवाजात गात होतं. घराकडे वळायचा फाटा दिसला तेव्हा मी गाडी हळू केली. वळणावर मोठा खड्डा आहे, गाडी तिथं नेहमी आदळते, ते जागे झाले असते.

वळण्यासाठी लावलेला दिवा मी बंद केला आणि सरळ पुढे गेले. दुसरा फाटा आला, तोही सोडला. अंधारून यायला अजून खूप वेळ होता, टाकीत पेट्रोल होतं, आणि रस्ता चांगला होता.